जैतूनमावशींचा राजीनामा

डिसेंबरातली सकाळ होती. रंकाळ्याकडून आलेलं धुकं आमच्या गल्लीत इतकं दाट उतरलं होतं, की समोरच्या घराचं फाटक दिसत नव्हतं आणि दूधवाल्याची सायकल नुसतीच ऐकू येत होती. मी चहाचा कप हातात धरून खिडकीशी उभी होते. अशा सकाळी आपण जागे आहोत की अजून झोपेतच आहोत, हे नीट कळत नाही... तेवढ्यात फोन वाजला. दादाचा होता. माझा भाऊ सकाळी सात वाजता कधी फोन करत नाही. त्या वेळी तो गावी, रानात असतो.

"नंदे, मावशी गेली गं," तो म्हणाला.

कुठली मावशी, हे मला क्षणभर उमगेना. आमच्या आईला बहीण नव्हती.

"जैतूनमावशी. पहाटं गेली. सलीमचा फोन आलता. मी निघालोय, तू तयार ऱ्हा."

सलीम म्हणजे मावशींचा मुलगा. त्यानं आधी दादाला कळवलं होतं. ज्या बाईचं नावसुद्धा माझ्या भावाला एके काळी चालत नव्हतं, तिच्या जाण्याची बातमी मला त्याच्याकडून कळावी, आणि ती सांगताना त्यानं तिला नुसतं 'मावशी' म्हणावं...

दुपारच्या नमाजानंतर त्यांना नेलं. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मी घरातच त्यांच्या सुनेजवळ, रेहानाजवळ, सतरंजीवर बसून राहिले. लोबानाचा वास होता. कोपऱ्यात कुणीतरी हलक्या आवाजात कुराण वाचत होतं. मला त्यातला अर्थ कळत नव्हता, पण त्या लयीवर मन कुठल्या कुठं जात होतं. दादा परत आला तेव्हा त्याच्या हातांना मनगटापर्यंत ओली माती होती. संध्याकाळी मी त्याला स्कूटरवरून स्टँडवर सोडायला निघाले, तेव्हा तो मागून म्हणाला, "तीनदा माती द्यायची असती. मी दिली."

आज दीड महिना झाला. जैतूनमावशी आमच्या कोण लागत होत्या, असं पुष्कळांनी विचारलं. नातं काहीच नव्हतं. त्या जुन्या कचेरीच्या आवारात करंजाच्या झाडाखाली टेबल टाकून बसत. त्यांचे यजमान तिथं बाँड रायटर होते, म्हणजे लोकांची खरेदीखतं, भाडेपट्टे, अर्ज लिहून द्यायचे. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा मावशी शेजारी बसून टाइप करू लागल्या, आणि ते गेल्यावर टेबल त्यांचंच झालं. पुरुषांनी भरलेल्या त्या आवारात डोक्यावर पदर घेतलेली ही बाई. मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, आणि आवाज असा की आतल्या साहेबाच्या टेबलापर्यंत जावा. चैत्र-वैशाखात करंजाची फुलं लाह्यांसारखी गळत, टाइपरायटरच्या बटणांमध्ये जाऊन बसत, आणि मावशी फुंकर घालून ती उडवत. आजही दुपारी डोळे मिटले की आधी ती फुंकर ऐकू येते, मग टकटक सुरू होते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं त्याला वीसएक वर्षं झाली. आमचे वडील, आण्णा, जाऊन आठ महिने झाले होते. आई आधीच गेलेली. मी कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवत होते, सासर शहरातच. आमचं गाव पंचगंगेच्या काठी, एसटीनं तासाभरावर; तिथली शेती दादा बघायचा. एक दिवस त्यानं निरोप दिला, "नंदे, बुधवारी कचेरीत ये. हक्कसोडीवर सही करायची हाय."

हक्कसोड म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावांसाठी सोडल्याचा कागद. आमच्याकडे तो इतका ठरलेला, की त्याबद्दल कुणी बोलतही नाही. माझ्या आत्यांनी केला होता, मैत्रिणींनी केला होता. बहीण सही करते, भाऊ साडी घेतो, आणि माहेरचं दार उघडं राहतं. मला जमीन हवी होती का? खरं सांगायचं तर मला ते ठाऊक नव्हतं. मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. फक्त नदीकाठचा एक तुकडा होता, आम्ही त्याला मळी म्हणायचो. पूर ओसरला की तिथं काळा, मऊ गाळ राहायचा, आणि आण्णा त्यात वांगी लावायचे. ती मळी माझ्या झोपेत यायची. वांग्यांची जांभळी फुलं, वर नदीवरचं धुकं, आणि धुक्यात कुठंतरी आण्णांचा खोकला... जाग आली की उशी गार लागायची.

त्या बुधवारी ऊन असं होतं की आवारातली माणसं, झाडं, स्कूटरी सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. दादा मावशींच्या टेबलासमोर उभा होता आणि मी स्टुलावर बसून बहुतेक पेंगत होते. मावशी मोठ्यानं वाचत टाइप करत होत्या. गट नंबर, चतुःसीमा, आण्णांचं नाव, माझं नाव... आणि एकदम टकटक थांबली. त्या थांबण्यानंच मला जाग आली.

"हितनं म्होरं असं लिवायचं हाय," मावशी चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "की सदरचा हक्क मी राजीखुशीनं, कुणाच्याबी दडपणाशिवाय सोडत हाय. ही वळ मी इचारल्याबिगर टाइप करत न्हाय. बाई, राजी हाईस न्हवं?"

"हाय की," दादा म्हणाला.

"तुमास्नी न्हाय इचारलं, पावणं."

मी म्हटलं, "दादा म्हणेल तसं."

"दादाची सही खाली हाय. ही वळ तुझी हाय."

एक 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? माझ्या तोंडून तो निघेना. मी 'नाही' असंही म्हटलं नाही. मी वर झाडाकडं बघत राहिले, आणि मला ऐन उन्हात ते नदीवरचं धुकं दिसायला लागलं. मावशींनी वाट पाहिली. पुष्कळ पाहिली. मग त्यांनी टाइपरायटरमधला कागद फिरवून बाहेर काढला, घडी घातली आणि दादाच्या हातात दिला.

"ही बाई राजी न्हाय. राजी झाली की आणा."

"मावशी, तुमी टाइप करा की! वकिली कशाला करताय?"

"वकिली न्हाय करत. खोटं टाइप करत न्हाय, एवढंच."

शेजारी आणखी पाच-सहा टेबलं होती. दादानं माझं कोपर धरलं आणि पुढच्या टेबलाकडं वळला. माझे पाय वळले नाहीत. मी कोपर सोडवून घेतलं आणि फाटकाकडं चालू लागले. हे बळ माझ्यात कुठून आलं, मला आजही सांगता येणार नाही. मागून दादा हाका मारत होता, "नंदे! ए नंदे!" आणि त्या हाका मला फार लांबून, नदीपलीकडून आल्यासारख्या वाटत होत्या. मी बिंदू चौकापर्यंत पोहोचले तेव्हा त्याची मोटारसायकल माझ्या शेजारून गेली. ती थांबली नाही.

त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या. भाऊबीजेला मी ताट तयार करायची, निरांजनात वात घालायची, आणि दुपार टळली की ते तसंच देव्हाऱ्यासमोर ठेवून द्यायची. गावी फोन केला की वहिनी उचलायची. "ते रानात हाईत," म्हणायची. मागून दादाच्या खाकरण्याचा आवाज यायचा. माझी मुलगी लहान होती. "मामा कधी येणार?" असं ती विचारायची, मग विचारेनाशी झाली. मला सगळ्यात जास्त रडू आलं ते ती विचारेनाशी झाली तेव्हा.

आणि राग होता, तो सगळा त्या टाइप करणाऱ्या बाईवर. तिला काय पडलं होतं? ओळ टाइप केली असती, मी सही केली असती, सगळं होतं तसं राहिलं असतं. एक दिवस शाळा सुटल्यावर मी तावातावानं कचेरीत गेले.

"तुमच्यामुळं माझं माहेर तुटलं," मी म्हटलं.

त्यांनी हातातलं पान पुरं केलं. मग माझ्याकडं नीट पाहिलं. ओळखलं.

"असंल," त्या म्हणाल्या. "च्या घेणार?"

त्यांनी स्वतःची बाजू मांडावी, मग मी आणखी बोलावं, असं मी ठरवून गेले होते. त्यांनी बाजूच मांडली नाही. मी स्टुलावर बसले आणि त्यांच्यासमोर, त्या सगळ्या गर्दीत, रडले. त्यांनी चहाची बशी माझ्या हाताजवळ सरकवली आणि पुढच्या माणसाचा अर्ज टाइप करायला घेतला. पुढच्या आठवड्यात मी परत गेले. का गेले, कोण जाणे. माझी शाळा जवळच होती. मग शाळा सुटली की अर्धा तास करंजाखाली बसायचं, ही सवयच होऊन गेली.

तिथंच मला तो शब्द भेटला. एका खाजगी कंपनीतला कारकून आला होता, मालकाशी भांडून. रागानं लाल झालेला. "राजीनामा टाइप करा," म्हणाला. मावशींनी चार ओळी टाइप करून दिल्या. तो सही ठोकून, कागद मुठीत चुरगळेल असा धरून निघून गेला. मावशी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत हसल्या.

"बघ की. दात खातोय, आन वर लिवलंय काय? राजीनामा."

"मग काय लिहायचं?"

"राजी म्हंजे काय सांग."

मी म्हटलं, तयार असलेला.

"तयार न्हवं. तयार तर बकराबी आसतोय." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. त्यांचे वडील सीमेपलीकडं, कर्नाटकातल्या एका कचेरीत कारकून होते, त्यांना थोडी फारसी येत होती. हे सगळं ज्ञान तिथून आलेलं. "राजी हा अरबी शब्द. ज्येचं मन निवलंय, ज्येच्या मनात काय सलत न्हाय, त्यो राजी. नामा फारसी, नामा म्हंजे लिवलेला कागद. दोघांचं भांडण झालं, कोर्टात गेलं, मग दोघांचीबी मनं निवली, दोघांनी मिळून लिवून दिलं, की आमी आता राजी हाय... त्यो राजीनामा. खटला तितंच संपला. भांडण मिटल्याचा कागद हाय त्यो, पोरी. नोकरी सोडल्याचा न्हवं."

"मग असा कसा उलटा झाला?"

मावशींना हा प्रश्न आवडला. त्या सांगू लागल्या आणि मी ऐकत राहिले, दुपार पातळ होत गेली... पूर्वी कुणी जमीन सोडली की सरकारला लिहून द्यायचा, मी आपल्या राजीनं सोडतो आहे. त्या कागदालाही राजीनामाच म्हणत; आणि ती जमीन जो घेई त्यानं लिहून दिलेली ती कबुलायत. वर्षानुवर्षं लोक ते लिहीत राहिले. लिहिता लिहिता त्यातलं 'राजी' विसरलं आणि 'सोडतो' एवढंच ध्यानात राहिलं. मग जमिनीवरून ते नोकरीवर आलं, खुर्चीवर आलं.

"माझ्या माहेराकडं कानडीत अजूनबी राजी म्हंजे समझोता," त्या म्हणाल्या. "दोघं भांडाय लागले की म्हातारी माणसं म्हंत्यात, राजी माडकोळ्री. म्हंजे मिटवून घ्या. बघ, एकच शब्द. तितं दोघं जवळ येत्यात, हितं एकजण उठून जातोय." आणि मग माझ्या पर्सकडं बोट करून म्हणाल्या, "आन शाळंत रजेचा अर्ज देतीस न्हवं? ती रजाबी ह्येचीच बहीण. रजा म्हंजे खुशी. सायबाची खुशी असली तर तू घरी."

त्या दिवशी मी घरी चालत गेले. राजी, रजा, राजीखुशी, राजीनामा... रोज तोंडात असलेले हे शब्द, पण मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. मी दादाला सोडून कचेरीतून उठून आले होते, म्हणजे एका अर्थी राजीनामा दिला होता. दुसऱ्या अर्थाचा कागद अजून कोराच होता.

एकदा थंडीतल्या दुपारी मी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही प्रत्येकाला का विचारता? बाकीचे कुणी विचारत नाहीत."

त्यांनी बोटांनी बटणं चाचपली. मग म्हणाल्या, "आमच्या निकाहात नवरी आत बसती, बाप्ये भाईर. नवरीला इचाराय जो माणूस आत येतोय, त्येलाबी वकीलच म्हंत्यात. मला ताप आलता. गोधडीत गुरफटून बसले हुते. वकील आला, कबूल हाय का म्हणाला. मी हुं म्हटलं का खोकले, ते मलाबी आठवत न्हाय. भाईर 'मुबारक, मुबारक' चालू झालं." आणि त्या आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात हसल्या, इतक्या की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. मग आवाज खाली आला. "माणूस लई चांगला निघाला. चार वर्सांनी एकदा माझा काय तरी रुसवा झालता, तर जवळ बसून म्हणाला, जैतून, तुला हितं ऱ्हायचं हाय का? खरं सांग. तवा पयल्यांदा मला कुणीतरी इचारलं. मी मनात म्हटलं, कबूल. पर त्यो वकील कवाच निघून गेलता."

दुसऱ्या दिवाळीनंतरच्या हिवाळ्यात मावशी आमच्या गावी गेल्या. मला न सांगता; मळीतल्या आण्णांच्या वांग्यांबद्दल मात्र करंजाखाली मीच कधीतरी बोलले होते. एसटीनं, एकट्या, हातात एक कापडी पिशवी घेऊन. त्या भेटीच्या दोन हकिगती आहेत. मावशी सांगायच्या, की दादानं त्यांना ओळखलंच नाही, "या पावणं" म्हणाला, तांब्या भरून पाणी दिलं. दादा म्हणतो, बांधाच्या टोकाला दिसल्या तेव्हाच त्यानं ओळखलं होतं, पण दारात आलेल्या माणसाला काय म्हणायचं? मी तिथं नव्हते. तरी मला ते सगळं दिसतं. मळीत धुकं आहे, जांभळी फुलं आहेत, आणि पालथ्या घातलेल्या टोपलीवर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसली आहे.

"वांगी न्यायला आलेय," असं सांगून त्यांनी तासभर वांग्यांबद्दलच विचारलं. रोप कधी लावता, कीड कुठली पडते, आण्णा कसं करायचे. पिशवी भरली. मग उठता उठता म्हणाल्या, "आन तू? तू राजी हाईस का रं?"

"कशाला?"

"ह्या रानाला."

दादा सांगतो, त्याला आधी रागच आला. मग तो खालीच बसला. आणि जे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी बाईला सांगितलं. तो नववीत होता. त्याला इंजिनांचं वेड होतं. गावातल्या डिझेल पंपांवर काम करणाऱ्या मिस्त्रीच्या मागं मागं फिरायचा. दहावी झाली की आयटीआयला जायचं त्यानं ठरवलं होतं. त्याच वर्षी आण्णांची पाठ गेली. आण्णा म्हणाले, नंदा शिकेल, तू रान बघ. संपलं. त्याला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं दप्तर आईनं माळ्यावर टाकलं. मी तेव्हा चौथीत होते. शाळेत जाताना मळीच्या कडेनं वाट होती; मी तिथून जायची, दादा पाणी पाजत असायचा, मी हात करायची आणि तो मान खाली घालून पाण्यासाठी वाफ्यांची दारं मोडत राहायचा. मला वाटायचं, त्याला काम आहे.

"मी समदं ह्या रानाला दिलं, मावशी," तो म्हणाला होता, "आन तिला एक हो म्हणवंना."

मावशींनी मला एवढंच सांगितलं, "तुझा भाऊबी राजी न्हवता. तुला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी मी पहिली एसटी धरली. दादा मळीतच होता. त्यानं मला पाहिलं, खुरपं खाली ठेवलं नाही, पण हात थांबला. मी बांधावर बसले. बऱ्याच वेळानं तोही येऊन बसला, जरा अंतर ठेवून. नदीवरून गार वारा येत होता.

"मला मळी पाहिजे, दादा," मी म्हटलं. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. "बाकी सगळं तुझं. आणि मळीही तूच कर. फक्त ती माझी असू दे."

तो नदीकडं बघत म्हणाला, "मग हे त्या दिशी का न्हाय बोलली?"

"मलाच माहीत नव्हतं."

तो हसला. दोन वर्षांनी मी त्याला हसताना पाहत होते. "जेवून जा," म्हणाला.

कागद अर्थातच करंजाखाली झाला. मावशींनी वर मधोमध टाइप केलं, 'राजीनामा'. आतल्या कारकुनानं तो वाचला आणि टेबलावर हात आपटून हसला. "मावशी, कोण नोकरी सोडतंय?" शेवटी मथळा बदलून 'वाटणीपत्र' असा दुसरा कागद करावा लागला. सरकारदरबारी तो आहे. पहिला कागद मावशींनी फाडू दिला नाही. तो दादानं घरी नेला. दोन्ही वेळा त्या ओळीपाशी टकटक थांबली. मावशींनी आधी मला विचारलं. मी म्हटलं, राजी. मग दादाकडं बघितलं. दादा असा मोठ्यानं "राजी!" म्हणाला, की आवारातली चार माणसं वळली.

त्यानंतर भाऊबीज सुरू झाली, माझी मुलगी सुट्टीला मामाकडे जायला लागली. तरी एक गोष्ट राहून गेली होती. त्या पहिल्या बुधवारबद्दल दादा कधी अवाक्षर बोलला नाही आणि मीही नाही. आम्ही त्याच्या कडेकडेनं चालत राहिलो.

कचेरीत कॉम्प्युटर आले, आवारातली टेबलं कमी होत गेली, मावशींची नजर कमी झाली. त्या घरी बसल्या तरी माणसं येत राहिली. भाऊ भाऊ, शेजारी शेजारी, कधी नवरा-बायको. दादा दर हिवाळ्यात मळीची पहिली वांगी त्यांच्याकडे पोचवायचा, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेले तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. माझ्याकडं बघून कानडीत काहीतरी बोलत राहिल्या. बहुतेक त्या मला आपली बहीण समजत होत्या. मी हात हातात घेऊन नुसती हुंकार देत राहिले. कुठल्या तरी लांबच्या अंगणात त्या फिरत होत्या, आणि मधूनच परत आल्या. "रजा टाकून आलीस?" म्हणाल्या. मी म्हटलं, "सुट्टी आहे, मावशी." "मग बस की," म्हणाल्या, आणि परत निघून गेल्या.

परवा चाळिसाव्याला आम्ही दोघं गेलो. फातिहा झाला, जेवणं झाली. पाहुणे पांगल्यावर रेहाना आम्हाला मावशींच्या खोलीत घेऊन गेली. खाट काढून टाकली होती. खिडकीसमोर एक लाकडी बाक तेवढा होता, दोन माणसं बसतील एवढाच.

"भांडण घेऊन आलेल्या दोघांना अम्मी ह्याच्यावरच बसवायच्या," रेहाना म्हणाली. "समोरासमोर खुर्च्या द्यायच्याच न्हाईत. बसा, मी च्या आणते."

आम्ही बसलो. बाक खरोखरच अरुंद होता, दादाचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसत होते, त्यांच्यावर हिवाळ्याचं मऊ ऊन. दादानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

"त्या बुधवारी," तो म्हणाला, "मी तुला घरातच इचाराय पायजे हुतं. कचेरीत न्यायच्या आधी. न्हाय इचारलं मी."

'असू दे रे दादा', हे शब्द माझ्या ओठांवर आले. वीस वर्षं आम्ही सगळ्यावर तेच पांघरत आलो होतो. पण त्या बाकावर ते म्हणवेना.

"नाही विचारलंस," मी म्हटलं. "मला फार लागलं होतं ते."

"व्हय," दादा म्हणाला.

गच्चीवरची एक चादर वाऱ्यानं फुगली आणि खाली बसली.

"आणि मीही तुला कधी विचारलं नाही," मी म्हटलं. "शाळा सुटली, तेव्हा तुला कसं वाटलं?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यानं घसा साफ केला. गावात तेव्हा एक जुनं इंजिन होतं, तो सांगू लागला, काळं, दोन मोठ्या चाकांचं. हँडल मारलं की आधी दोनदा ठसकायचं आणि मग लागायचं... ते कुणाचं होतं, कुठल्या विहिरीवर होतं, त्याच्या आवाजावरून त्याचं काय बिघडलंय हे त्याला लांबून कसं कळायचं, आणि शाळा सुटल्यानंतर वर्षभर तो त्या विहिरीकडच्या वाटेनं का गेला नाही. त्याचे हात गुडघ्यांवरून उठले होते आणि हवेत ते हँडल फिरवत होते. रेहाना चहा घेऊन आली, आमच्याकडं पाहिलं, कप हळूच खिडकीत ठेवून गेली. कपांवर साय धरली. तो सांगत होता, आणि मला आणखी ऐकायचं होतं.